पक्कं झालं की लिहिते

४ जानेवारी

मावशी,

तुला नमस्कार, आणि घरात बाकी ज्याला जो लागू असेल तो.

खोली मिळाली. खिडकीसमोर संस्थेचं बॉयलरघर आहे. सकाळी ते धापा टाकायला लागलं की मला जाग येते आणि वाटतं, आपल्यालाच कुठेतरी पोचायला उशीर झालाय. खोलीत एक खाट, एक टेबल आणि नीट न लागणारं कपाट. मी ते रोज दोनदा लावून बघते. हसू नकोस.

संस्थेत मी पाहुणी. गळ्यातल्या बिल्ल्यावरही तेच लिहिलंय, ठळक. नाव खाली बारीक. इथे सगळे डॉक्टर, नाहीतर पेशींचे अभ्यासक. रसायनवाली मी एकटी. त्यांच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात मला एक टेबल आणि धूर ओढून घेणारं कपाट दिलंय. मी ईथरची बाटली उघडली की शेजारची मंडळी खिडक्या उघडतात आणि फोडणी करपवल्यासारखं माझ्याकडे बघतात. त्यावरून माझं नाव ‘आचारीण’ पडलं. “काय आचारीणबाई, आज काय शिजतंय?” हे मी दिवसातून चारदा ऐकते, आणि चारही वेळा बाटलीचं बूच घट्ट लावते.

काम असं आहे. माणसांच्या गाठींमधून काढलेल्या पेशी हे लोक काचेच्या बश्यांत वाढवतात. मी नवी संयुगं तयार करून देते, ती त्या पेशींवर घालून बघायची. पेशी सांभाळणारी बाई माझ्याहून मोठी आहे. तिला सगळे घड्याळबाई म्हणतात, कारण पेशींना ती ठरल्या वेळी खायला घालते आणि स्वतः जेवायची विसरते.

काल तिने मला हाताला धरून सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. आधी मला काही कळेना. मग तिने शेजारची बशी ठेवली, माझं संयुग न घातलेली. तिच्यातल्या पेशी अंगाला अंग चिकटवून दाटीने बसलेल्या. माझ्या बशीतल्या आकसलेल्या, सुटलेल्या, तरंगणाऱ्या. मेलेल्या.

“तुझ्या पिवळ्या भुकटीने केलं हे,” ती म्हणाली, आणि तिने मला चक्क मिठी मारली.

मावशी, माझं औषध लागू पडलं. हे वाक्य खोडावं असं वाटतंय. पण राहू देते. साहेब (आमचे विभागप्रमुख) एरवी माझ्या बिल्ल्याशीच बोलतात, ते आज माझ्याशी बोलले. उन्हाळ्यात परिषद आहे, तिथे हे मांडायचं म्हणाले. मला आणखी एक वर्ष ठेवून घेण्याचंही ओझरतं बोलले.

आता पुन्हा करून बघायचं आहे. हात सारखे शिवशिवताहेत.

तुझी

— जिचं नाव तूच ठेवलंस ती, शंकेखोर


१७ जानेवारी

शंकेखोर,

आशीर्वाद भरपूर. पत्र आलं तेव्हा मी पायरीवर बसले होते. तिथेच मोठ्याने वाचलं. ‘लागू पडलं’ यावर माझा आवाज असा चढला की दादा दाढी अर्धी टाकून बाहेर आला.

तुला शाळेत न घालता मी या ओट्याशी बसवून शिकवलं, तेव्हा लोक मला काय काय म्हणाले! पोरीचं वाटोळं करतेय म्हणाले. प्रत्येक बेरीज उलटी करून बघितल्याशिवाय तू पाटी खाली ठेवायची नाहीस. सात वर्षांची असताना पाऊस पडतोय का विचारलं, तर हात बाहेर काढून, आत घेऊन, पुन्हा बाहेर काढून म्हणालीस, “बहुधा.” तशी तू. आणि तू लिहितेस लागू पडलं!

आता एक गोष्ट सांगते. तुला कळवणार नव्हते, परक्या ठिकाणी जिवाला घोर नको म्हणून. तुझ्या वहिनीच्या छातीत उजवीकडे गाठ निघाली आहे. डॉक्टरांनी तपासणीसाठी तुकडा काढला आणि ती वाईट आहे म्हणाले. ऑपरेशन करून काढून टाकायची, पुढच्या महिन्यातली तारीखही दिली. पोरगी तेव्हापासून भांडी घासताना मध्येच थांबते आणि नळाकडे बघत राहते.

तर तुझं पत्र म्हणजे देवच पावला. दादा म्हणतो, घरचं औषध येत असताना कापाकापी कशाला, थोडं थांबू. मी म्हटलं, विचारून घेऊ. भुकटी असते का गोळी? दुधातून घ्यायची की पाण्यातून? लवकर लिही.

मावशी


२७ जानेवारी

मावशी,

तुझं पत्र वाचून मी तशीच उठले आणि संस्थेभोवती चक्कर मारून आले. तरी बसवत नाही, म्हणून उभ्याने, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहितेय.

वहिनींबद्दल वाचलं. त्या कशा आहेत? डॉक्टर चांगले आहेत ना? तपासणीचा तुकडा एकाच जागी बघितला की दोन?

औषधाबद्दल. मी लिहिलं ते खरं आहे, पण ते बशीतल्या पेशींबद्दल आहे. बशी म्हणजे माणूस नव्हे, आणि मधला रस्ता वर्षानुवर्षांचा असतो, पण तो सुरू होतो तो इथूनच, हेही खरं. पण त्यात बहुतेक औषधं वाटेतच गळतात. पण सगळीच गळतात असंही नाही. तेव्हा माझ्या मते ऑपरेशनसाठी थांबू नये. अर्थात मी डॉक्टर नाही. तिथले डॉक्टर प्रत्यक्ष बघताहेत, त्यांचं ऐकावं.

दुसरी भुकटी तयार केली. तिच्या चाचण्या चालू आहेत, त्यात काही गोष्टी मला अजून नीट लागलेल्या नाहीत. पक्कं झालं की लिहिते. पक्कं नसताना लिहिलं की काय होतं, ते आता बघतेच आहे.

दादाला हे पत्र नक्की दाखव.

तुझी

शंकेखोर


८ फेब्रुवारी

पंडितीणबाई,

आईने तुझं पत्र माझ्या हातात दिलं. मी ते दोनदा वाचलं. तू अगदी तशीच आहेस. लहानपणी आंबा गोड आहे का विचारलं तर म्हणायचीस, ही फोड गोड आहे, बाकीच्या मी खाल्लेल्या नाहीत. तुला आम्ही ओळखत नाही का? हा विनय तिकडच्या साहेबांसाठी ठेव.

मी डॉक्टरांना तारीख पुढे ढकलायला सांगितली. माणूस भडकला. “तुमची बहीण काय बनवते ते मला माहीत नाही, मला ही गाठ माहीत आहे,” म्हणाला. मी म्हटलं, तुम्हाला माहीत नाही हेच तर मी म्हणतोय. बोलण्यात मी त्याला गप्प केला. घरी आल्यावर मात्र मी डॉक्टरांची चिठ्ठी चार वेळा काढून वाचली, हे तुलाच सांगतो, आईला लिहू नकोस.

तुला खरं सांगू? तारीख ढकलली तेव्हापासून तुझी वहिनी जेवायला लागलीये. परवा गाणं गुणगुणली. ते बघून मी कुठल्या तोंडाने तिला म्हणू, चल, कापून घे?

मला वर्षानुवर्षांचं सांगू नकोस. चिमूटभर पाठव. काही झालं तर जबाबदारी माझी, तुझ्यावर बोट ठेवणार नाही.

तुझा

दादा


९ मार्च

बाई गं,

तुझं पत्र नाही. दादाच्या पत्रालाही उत्तर नाही. पोस्टमन आता फाटकातूनच मान हलवतो, आत येत नाही. चिडलीस का? आजारी आहेस का? चिडली असलीस तर चिडून लिही, पण लिही.

तू जवळ नाहीस म्हणून कागदावर बोलते. दादा थांबू म्हणाला असं मी तुला लिहिलं होतं. ते अर्धं खरं. तो डळमळत होता. मीच म्हणाले, “ही पोरगी बोलली म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.” माझ्या हाताखाली शिकलेली तू, माझाच ऊर भरून आला होता. आता तो ऊर मला धड झोपू देत नाही.

वहिनी काल वरच्या फळीवरचा डबा काढायला गेली आणि हात अर्ध्यातूनच खाली घेतला. मला दिसलं. तिला कळलं मला दिसलंय ते. मग ती म्हणाली, “सासूबाई, डबा खालीच ठेवत जाऊ या.”

मी अडाणी नाही, पण पेशी, बश्या मला कळत नाहीत. मला एवढंच सांग. थांबायचं की नाही?

मावशी


१६ मार्च

मावशी आणि दादा,

हे पोचण्याआधी तार पोचली असेल. ‘औषध निरुपयोगी. ऑपरेशन ताबडतोब करा.’ तार माझीच आहे, तीत काही चूक नाही. कारण इथे लिहिते.

जानेवारीत ‘काही गोष्टी लागलेल्या नाहीत’ असं मी लिहिलं, तेव्हा झालं होतं असं. दुसरी भुकटी मी सवयीप्रमाणे पहिलीपेक्षा जास्तच धुतली होती, आणि तिने एकही पेशी मेली नाही. घड्याळबाई म्हणाली, तू काहीतरी बिघडवलंस. मलाही तेच वाटलं. मग तिसरी केली, चौथी केली. पेशी मजेत. साहेब म्हणाले, पहिल्यासारखी कर. मला पहिल्यासारखी करता येईना, आणि का येत नाही ते कळेना. दादाचं पत्र आलं ते याच दिवसांत. मी उत्तर लिहायला घ्यायचे आणि वाटायचं, उद्या कळेल, उद्या लिहू. चूक भुकटीची की माझी, हे ठरल्याशिवाय दुसऱ्यांदा तोंड उघडायचं नाही, असं मी मनाशी घेतलं होतं.

मग पहिल्या भुकटीची बाटलीच्या तळाशी उरलेली चिमूट घेतली, विरघळवली, तिच्यात अमोनियाचं पाणी घालून हलवलं आणि ठेवून दिलं. वरचा पाण्याचा थर निळा झाला. गडद, सुंदर निळा. रसायन शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळेल. तांबं.

भुकटी बनवताना मी तांब्याचं चूर्ण वापरते. त्याने रेणूचे दोन तुकडे जोडले जातात, आणि शेवटी ते धुऊन काढायचं असतं. या रेणूने ते आत घट्ट धरून ठेवलं होतं आणि पहिल्या वेळच्या धुण्याने सुटलं नव्हतं. मी घड्याळबाईला म्हटलं, माझी भुकटी राहू दे, नुसता मोरचूद, तांब्याचाच क्षार, घालून बघ. तिने घातला. पेशी आकसल्या, सुटल्या, तरंगल्या. मग निरोगी पेशींवर घातला. त्याही मेल्या. म्हणजे माझ्या औषधाने गाठ ओळखली वगैरे काही नाही. दुकानात मिळणाऱ्या मोरचुदाने जे होतं, ते झालं.

दादा, तू चिमूट मागितली होतीस. ती मी पाठवली असती तर?

हे आम्ही दोनदा केलं. साहेबांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, “तुझं बरोबर असेल. पण तिसऱ्यांदा कर, दुसऱ्या पेशींवर कर. तोवर बाहेर एक शब्द नाही. परिषदेच्या यादीतून नाव काढायचं तर मला पक्कं कारण हवं.” त्यांचं म्हणणं योग्य होतं. मीही त्यांच्या जागी हेच म्हणाले असते. मी मान हलवली आणि तिसऱ्या चाचणीची तयारी करायला लागले.

आज मावशीचं पत्र आलं. डब्याचं वाचलं. हातातलं तसंच ठेवून मी साहेबांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, “माझ्या घरी एक बाई या औषधासाठी ऑपरेशन थांबवून बसली आहे. मी आज तार करणार आहे. तुमची परवानगी मागायला आलेले नाही, तुम्हाला नंतर कळू नये म्हणून सांगायला आलेय.” त्यांनी पेनचं टोपण लावलं. मग म्हणाले, “मग इथे काय उभी आहेस?” पुढच्या वर्षाबद्दल ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

तारघरात मी लिहिलं, ‘औषध बहुधा निरुपयोगी.’ खिडकीतल्या बाईंनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “बहुधा हवंय का? तारेत लोक बहुधा लिहीत नाहीत.” मी म्हटलं, “तिसरी चाचणी व्हायची आहे.” त्या म्हणाल्या, “ती मला नका सांगू. वाचणाऱ्याने काय करायचंय ते सांगा.” मी तो शब्द खोडला.

तिसरी चाचणी उद्या. तिचं काहीही निघो, थांबू नका.

तुमची

शंकेखोर


४ एप्रिल

वन्सं,

उजवा हात अजून उचलत नाही म्हणून डाव्याने लिहितेय. वळणाला हसू नका, आणि पत्र मोठं आहे म्हणून कंटाळू नका. मला इथे दुसरं काम नाही.

तार आली तेव्हा यांनी ती उलटसुलट करून बघितली. म्हणाले, “तारवाल्यांनी घोळ केलाय. ती असं लिहिणारच नाही.” सासूबाईंनी तार ओढून घेतली आणि दोनदा वाचली. मग म्हणाल्या, “जन्मात पहिल्यांदा कार्टीने ‘बहुधा’ लिहिलेलं नाही. जा, गाडी आण.” हे तरी उभेच. तेव्हा मीच पिशवी भरायला घेतली.

ऑपरेशन झालं. मागच्या सोमवारी टाके काढले. शेजारच्या खाटेवरची आजी सगळ्यांना सांगते, ही फार शूर आहे. मी शूर नाही. ‘औषध येतंय’ म्हटल्यावर मला इतकं हायसं वाटलं होतं की मी एकदाही विचारलं नाही, कसलं औषध. कापणं टळणार होतं ना, मग कोण विचारतंय? तेव्हा यांच्यावर आणि सासूबाईंवर सगळं टाकू नका. मीपण तिथेच होते.

पण एक झालं. यांना मी तुमची सगळी पत्रं इथे आणून द्या म्हटलं. आतापर्यंत ती मला वाचून दाखवली जायची. परवा मी ती स्वतः वाचली. जानेवारीच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं, ऑपरेशनसाठी थांबू नये. चार ‘पण’ ओलांडून जावं लागतं, पण तिथे ते होतं. मला ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मला काय वाचून दाखवलं, तर ‘रस्ता इथूनच सुरू होतो’.

मी यांना विचारलं. हे रडले. मग मलाच त्यांची समजूत घालावी लागली, डाव्या हाताने.

तुमच्यावर मी रागावले होते, ते सांगून टाकते. पहिल्या पत्राचा राग नाही. माणूस आनंदात लिहितं. त्यानंतर तुम्ही जे गप्प बसलात, त्याचा. तुमच्या मनात शंका होती, तर ती निम्मी मला का नाही दिलीत? मी सांभाळली असती.

आता विचारते ते नीट वाचा. डॉक्टर आधी जेवढं काढणार म्हणाले होते त्याहून जास्त काढलं, काखेतलंही. का, ते त्यांनी यांना बाहेर नेऊन सांगितलं. हे म्हणतात, “काही नाही गं.” सासूबाई म्हणतात, “झालं गेलं.” डॉक्टर म्हणतात, “रिपोर्ट येऊ दे, बघू.” हे सगळं मी थांबले म्हणून झालं का? उशिरामुळे बिघडलं का? तुम्ही रोज त्याच पेशी बघता. तुम्ही सांगा. आणि पत्र माझ्या नावाने टाका.

वहिनी


१३ एप्रिल

वहिनी,

तुम्हाला मी एकही पत्र लिहिलं नव्हतं. सगळी तुमच्याबद्दल होती. हे तुमचं पत्र हातात घेईपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तुमचा प्रश्न मी इथल्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना विचारला. तुमचं नाव सांगितलं नाही, बाकी सगळं सांगितलं. तारीख कधीची होती, किती थांबलात, हात कधीपासून दुखत होता.

ते म्हणाले, बिघडलं असू शकतं. अशा गाठीतल्या पेशी आधी काखेत पसरतात, आणि मिळालेल्या अवधीत त्या पुढे सरकल्या असतील. तारीख दिली तेव्हाच त्या तिथे पोचलेल्या असतील, असंही असू शकतं. मग उशिराने फारसा फरक पडला नसेल. यातलं काय झालं, हे आता कुणालाही पक्कं सांगता येणार नाही. मला ‘नाही, उशिरामुळे नाही’ असं लिहायचं होतं. दोन कागद त्यातच फाडले.

काखेतून काढलेल्या बारीक ग्रंथींपैकी (त्या प्रत्येकाच्या काखेत असतात) किती ग्रंथींत या पेशी सापडल्या, ते रिपोर्टमध्ये लिहिलेलं असेल. पुढचे उपचार मुख्यतः त्यावर ठरतात. डॉक्टर दादाला बाहेर बोलवायला लागले, तर म्हणा, इथेच सांगा, मला सांगा. तेवढा कागद स्वतःच्या हातात घ्या आणि त्यातली ओळ न ओळ मला उतरवून पाठवा. कळणार नाही तिथे मी इथे विचारेन, आणि जे कळेल ते तेव्हाच कळवीन, अर्धवट असलं तरी.

तिसऱ्या चाचणीतही तेच निघालं. साहेबांनी परिषदेच्या यादीतून नाव काढलं. माझा मुक्काम जूनअखेर संपतो, पुढचं कुणी काही बोललेलं नाही. माझ्या टेबलाकडे सध्या कुणी शिजण्याची चौकशी करत नाही. घड्याळबाई मात्र तिच्या डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवते आणि “खा आधी” म्हणते, तीच, जी स्वतः जेवायची विसरते.

तुम्ही रागावलात ते बरोबर होतं. राग संपला असेल असं मी धरून चालत नाही.

संस्थेच्या पेटीतली पत्रं उद्या दुपारी निघतात. स्टेशनजवळच्या पेटीतली आज संध्याकाळी. अंगावरचा प्रयोगशाळेचा कोट काढायला वेळ नाही, तशीच स्टेशनकडे चाललेय.

तुमची

वन्सं